यादीच्या माथ्यावरचा श्री



आजचा विषय ऐकून कुणी हसेल. प्रवचनाला बसायचे आणि बोलायचे कशावर, तर बाजाराच्या यादीवर! हे बुवा आज ग्रंथ बाजूला ठेवून तूरडाळ आणि गूळ काढून बसले की काय, असेही कुणाला वाटेल. वाटू द्या. पण ज्याच्या घरी चूल पेटते त्याच्या घरी यादी होते, आणि आपण सारे चुलीचे धनी आहोत. आपला संप्रदाय संसार टाकून रानात जा असे सांगत नाही. मग संसारात रोज हाताखालून जाणारा हा चतकोर कागद परमार्थाच्या नजरेने एकदा पाहायला काय हरकत आहे?

बाजाराचा दिवस उद्यावर आला की घरात काय चालते ते आठवा. माउली स्वयंपाकघरात डबे उघडून पाहते. झाकणांचा आवाज होतो. शाळेत जाणारे पोर पेन्सिलीचा तुकडा घेऊन उंबऱ्यावर बसते. कागद म्हणजे कॅलेंडरचे मागच्या महिन्याचे पान, नाहीतर लग्नपत्रिकेची कोरी बाजू. आतून हाक येते, "लिही रे, तूरडाळ दोन किलो, मीठ एक पुडा, गूळ अर्धा किलो, काडेपेट्या..." आता नीट बघा. ते पोर तूरडाळ लिहिण्याआधी कागदाच्या माथ्यावर मधोमध एक अक्षर काढते. श्री. ते लिही म्हणून त्याला कुणी सांगितलेले नसते. त्याने बापाला लिहिताना पाहिले, बापाने आजाला. हिशेबाची वही असो, पत्र असो, लग्नाचा बस्ता असो, नाहीतर आठवडाबाजाराची यादी असो, श्री घातल्यावाचून कागदाला आपल्याकडे सुरुवात होत नसे. आता पुष्कळ घरांत यादी मोबाइलवर होते. होऊ द्या, त्यात वाईट काही नाही. पण त्या यादीत श्री लिहितो कोण? तेवढे मात्र मागे राहिले.

आता यादी हा शब्द घ्या. तो फारशीतून आपल्याकडे आला आणि घरचाच झाला. याद म्हणजे आठवण. पेशव्यांच्या दफ्तरात यादी म्हणून कागद आहेत. लग्न ठरले की दोन्हीकडची मंडळी बसून यादी करीत, आणि त्याच बैठकीत अक्षता पडल्या तर ‘यादी पे शादी’ असे आपण आजही म्हणतो. तर यादी म्हणजे आठवण. आणि आपल्या साऱ्या साधनाचे वर्म काय? नामस्मरण. स्मरण म्हणजेही आठवणच. एकच गोष्ट, एक शब्द बाजारात बसला आणि दुसरा देवळात. माणूस मिठाची आठवण कागदावर ठेवतो आणि हरीची आठवण ओठावर ठेवतो. दोन्ही ठेवाव्या लागतात, कारण मन मोठे विसराळू आहे.

यादी करणे हीच एक कबुली आहे बघा. माझ्या ध्यानात राहणार नाही, असे माणूस तिथे स्वतःच्या हाताने लिहून देतो. ज्याला वाटते माझ्या सगळे लक्षात आहे, तो बाजारात जातो, ओळखीचे लोक भेटतात, चहा होतो, भजी होतात, कापडाच्या दुकानाशी पाय रेंगाळतो, आणि संध्याकाळी तो पिशवी भरून घरी येतो. पिशवी रिकामी कर म्हटले तर सगळे निघते, मीठ तेवढे निघत नाही. आता त्या रात्रीचा स्वयंपाक कसा होणार? भाजी महागाची, तेल चांगले, कष्ट तेवढेच, पण घास अळणी. जीव या संसाराच्या बाजारात आला तेव्हा त्यालाही काही सांगून धाडले होते. घर झाले, जमीन झाली, मुलेबाळे झाली, मानमरातब झाला. पिशवी फाटेस्तोवर भरली. पण ज्यासाठी धाडले होते तेवढे राहिले, आणि मग म्हातारपणी माणूस म्हणतो, सगळे आहे पण गोडी नाही. कशी असणार बाबा? मीठच आणले नाहीस.

इथे कुणी शहाणा शंका काढील. तो म्हणेल, बुवा, भक्ताने चिंता देवावर टाकावी. याद्या करणे हे अविश्वासाचे लक्षण नव्हे काय? उद्याचे उद्या पांडुरंग पाहील.

या शंकेला उत्तर आपली वारीच देते. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून माउलींची पालखी निघते. पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण असे मुक्काम करीत आषाढ शुद्ध दशमीला ती पंढरीस पोहोचते. पाहणाऱ्याला वाटते, हा भक्तीचा पूर आपोआप वाहतो आहे. पण ज्याने दिंडीची वही सांभाळली आहे त्याला विचारा. त्याची वारी अष्टमीच्या कितीतरी आधी सुरू होते. वारकऱ्यांची नावे, गावे, कुणाची भिशी आली, कुणाची राहिली. राहुट्या किती, त्यांतल्या फाटलेल्या किती, दोर आणि खुंट्या किती. ट्रक ठरला का, पाण्याचा टँकर ठरला का, आचारी कोण. पीठ, डाळ, तांदूळ, तेल, मिरची, चहा, साखर. पायाच्या फोडांचे मलम, तापाच्या गोळ्या. कोणत्या मुक्कामी कुणाच्या घरची पंगत. ही यादी कुणी भक्तिभावाने केली नसती तर दिवेघाट चढून आलेल्या म्हाताऱ्याला सासवडला भाकरी मिळाली असती का? दिंड्यांनाही क्रम आहे, अनुक्रमांक आहेत. रथापुढे कोण, रथामागे कोण, हे ठरलेले आहे. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात ज्या शिस्तीने हा सोहळा उभा केला ती शिस्त आजही पाळली जाते.

आणि संध्याकाळची समाजआरती आठवा. पालखी तळावर येते, दिंड्या भोवती उभ्या राहतात, टाळमृदंगाचा गजर चाललेला असतो. चोपदार हातातला दंड उंच करून पुकारा करतात आणि एवढा समुदाय क्षणात शांत होतो. मग काय सांगितले जाते? कुणाचे काय हरवले, कुणाला काय सापडले. कुणाची पिशवी, कुणाचे पाकीट, कुणाची कागदपत्रे. ज्याचे त्याने ओळख पटवून न्यावे. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवीत राहते. चोपदार तिथे जातात आणि गाऱ्हाणे ऐकतात. उद्याचा कार्यक्रम सांगितला जातो आणि मग आरती होते. अहो, आरतीच्या आधी हरवल्यासापडल्याची यादी! आमच्या पूर्वजांना यात काही विटाळ वाटला नाही. एका गरिबाचे पाकीट माउलींच्या समोर त्याला परत मिळाले, हीही सेवाच. म्हणून देवावर भार टाकणे निराळे आणि आपला भार शेजारच्यावर टाकणे निराळे. जो यादी करीत नाही त्याची यादी दुसऱ्या कुणाला तरी करावी लागते.

मात्र यादी कशी सांभाळावी आणि कोणती टाकावी, हे संतांच्या चरित्रांतून शिकले पाहिजे.

एकनाथमहाराजांची गोष्ट सर्वांच्या परिचयाची आहे. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या घरी राहून नाथ गुरुसेवा करीत होते. हिशेबाचे काम त्यांच्याकडे होते. एके दिवशी ताळा जमेना. एका पैची चूक. नाथ दिवा लावून बसले. रात्र सरत आली तेव्हा चूक सापडली, आणि आनंदाच्या भरात त्यांनी टाळी वाजवली. स्वामी जागे झाले. त्यांनी विचारले, काय झाले? नाथांनी सांगितले. तेव्हा स्वामी अशा अर्थाचे बोलले की, एका पैची चूक सापडल्याचा तुला एवढा आनंद. मग या संसारात केवढी चूक पडली आहे, ती शोधलीस तर केवढा आनंद होईल!

ही कथा ऐकून कुणी असे समजतात की, स्वामींनी हिशेबाला कमी लेखले. मला तसे वाटत नाही. नाथांची ती एकाग्रता स्वामींना आवडली, म्हणूनच त्यांनी तिला मोठे काम दाखवले. पुढे काय झाले पाहा. याच नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. हातोहात नकलून नकलून ग्रंथात पाठभेद शिरले होते. ते पारखणे हे कुणाचे काम? एका पैसाठी रात्र जागणाऱ्याचेच. हिशेबाच्या वहीत जी नजर तयार झाली ती माउलींच्या ग्रंथाला उपयोगी पडली. आज आपण पारायणाला बसतो ते नाथांच्या त्या नजरेच्या पुण्याईवर. तेव्हा माउल्यांनो, किराणा निवडताना, दुधाचा हिशेब मांडताना हे क्षुद्र काम आहे असे म्हणू नका. लक्ष देण्याचा अभ्यास कुठेही झाला तरी तो वाया जात नाही. फक्त ते लक्ष पैपाशीच थांबता कामा नये.

दुसरी गोष्ट तुकाराममहाराजांची. देहूचे हे घराणे महाजनांचे. घरात दुकान, सावकारी. १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. गुरे गेली, माणसे गेली, महाराजांच्या घरातही मृत्यू आला, व्यापार बुडाला. पुढे वैराग्य बाणल्यावर महाराजांनी कर्जरोखे बाहेर काढले. कुणाकडे किती येणे, याची ती यादीच म्हणा ना. ते कागद त्यांनी इंद्रायणीत बुडवले. इथवर सर्वांना ठाऊक असते. पण चरित्रकार आणखी एक गोष्ट सांगतात आणि ती फार मोलाची आहे. महाराजांनी त्या कागदांचे दोन वाटे केले. धाकटे बंधू कान्होबा यांचा निम्मा वाटा त्यांना दिला आणि फक्त आपला निम्मा पाण्यात सोडला. वैराग्य आपले, मग बुडवायचे तेही आपलेच. भावाच्या पोराबाळांचे अन्न आपल्या वैराग्यात बुडवायचा अधिकार आपल्याला नाही. केवढा हा विवेक!

आपल्याही घरी अशी एक येण्याची यादी असते. ती कागदावर नसते, काळजात असते. भावाने वाटणीच्या वेळी काय केले, जावेने कोणत्या लग्नात मान दिला नाही, शेजाऱ्याने बांध किती कोरला, सुनेने केव्हा उलट उत्तर दिले. मीठ आणायचे आपण विसरतो, पण ही यादी वीस वर्षे विसरत नाही! तारखेवार पाठ असते. ही यादी मात्र इंद्रायणीत सोडण्याची आहे. वारीला निघताना पिशवीत ती घेऊन निघालात तर वाटेत खांदा दुखेल, आणि पंढरीहून तिच्यासकट परत याल.

तिच्या जागी दुसरी यादी लिहा. गीतेच्या सोळाव्या अध्यायात भगवंताने अर्जुनाला दैवी संपत्तीची यादी दिली आहे. एकूण २६ गुण. पहिला गुण अभय. त्यांतच एक आहे अपैशुन्य, म्हणजे दुसऱ्याचे दोष न उगाळणे, चहाड्या न करणे. तेराव्या अध्यायातही ज्ञानाच्या लक्षणांची अशीच यादी आहे. माउलींनी त्या एकेका शब्दापाशी थांबून किती सांगितले! अहिंसा हा एक शब्द, पण त्यावर ओव्यांमागून ओव्या चालल्या आहेत. चालावे कसे, बोलावे कसे, कुणाकडे पाहावे कसे, इथपर्यंत. आपण यादी वाचतो ती भराभर रेघ मारण्यासाठी. माउली यादी वाचतात ती एकेका नावापाशी वस्तीला राहण्यासाठी. रोज एक गुण घ्या. उद्या सकाळी कामाच्या यादीत शेवटी लिहा, ‘आज कुणाची चहाडी करायची नाही.’ संध्याकाळी बघा, रेघ मारता येते का. दळणाला रेघ मारणे सोपे आहे, याला सोपे नाही.

आता मी माझ्या घरची एक गोष्ट सांगतो. ती सांगताना मला लाज वाटते, पण सांगायची म्हणूनच आज हा विषय काढला आहे.

ही १९९८ सालची हकीकत. घरात माणसे आठ, जमीन थोडी, विहिरीच्या मोटारीचे कर्ज डोक्यावर. आमच्या गावाजवळ गुरुवारी बाजार भरतो. बुधवारी रात्री आई सांगे आणि मी लिही. सगळ्यांचे सांगून झाले की शेवटी ती हळूच म्हणे, "जमलं तर माझ्या चष्म्याचं बघ." मी लिहीत असे, चष्मा. मग एकूण बेरीज करायची आणि पैसे कमी पडले की खालून रेघ मारत वर यायचे. खालून पहिले काय? चष्मा. मी रेघ मारी आणि म्हणे, "आई, पुढच्या बाजारी." ती म्हणे, "राहू दे रे, घाई कुठं आहे."

एके दिवशी शेजारच्या गावी सप्ताहात माझे प्रवचन होते. विषय होता पुंडलिकाची मातृपितृसेवा. प्रवचन बरे झाले. लोक डोळे पुसत होते. नारळ आणि उपरणे घेऊन मी दिवेलागणीनंतर घरी आलो. आई देवापुढे हरिपाठाचे पुस्तक मांडीवर घेऊन वाचत होती. मी पाय धुऊन बसलो तोच वीज गेली. समईतली वातही तेवढ्यात विझली. काळोख झाला. पण आईचा आवाज थांबला नाही. ती तशीच वाचत राहिली, आणि मधे तिने पानही उलटले, त्याचा आवाज मला आला.

मी म्हटले, "आई, अंधारात कसं वाचतेस?"

ती म्हणाली, "उजेडात वाचते तसंच की."

वीज आली तेव्हा मी ते पुस्तक हातात घेतले. तिला अक्षर दिसतच नव्हते. किती दिवसांपासून, म्हणून विचारले तर म्हणाली, दोन वर्षे झाली असतील. हरिपाठ तोंडपाठ, म्हणून कुणाला कळले नाही. मी रागावलो. आपली चूक झाली की माणसाला आधी राग येतो. म्हटले, "मग सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "सांगितलं होतं की. तुझ्याच अक्षरात आहे बघ."

आमच्या घरी जुन्या पावत्या आणि याद्या खिळ्याच्या तारेला खोचून ठेवण्याची पद्धत. मी ती तार काढली आणि कंदिलाखाली एकेक कागद पाहिला. प्रत्येकाच्या माथ्यावर माझ्या वळणदार अक्षरात श्री. आणि तळाशी चष्मा, त्यावर रेघ. पुढच्या कागदावर चष्मा, त्यावर रेघ. त्या तारेला होत्या त्यांतल्या सात याद्यांवर मी स्वतः रेघ मारलेली होती. बाकी सगळे आणले होते. माझ्यासाठी टाळाची नवी दोरीही आणली होती.

जिल्ह्याच्या गावी नेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, चष्म्याचे काम नाही, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे. शस्त्रक्रिया झाली. एका डोळ्याने तिला चांगले दिसू लागले. दुसऱ्याला उशीर झाला होता. आधी आणले असते तर, एवढे बोलून डॉक्टर थांबले. आईने त्याबद्दल मला पुढे कधी एक शब्दही ऐकवला नाही. कार्तिकीला मी तिला पंढरीस नेले. तिने पांडुरंगाच्या पायांवर डोके ठेवले, मग मान वर करून क्षणभर पाहिले आणि बाहेर आल्यावर म्हणाली, "आहे तसाच आहे हो!" मी मात्र महाद्वारात तोंड फिरवून उभा राहिलो.

सज्जनहो, त्या दिवसापासून मला पुंडलिकाची कथा निराळी दिसू लागली. आपण नेहमी सांगतो की, सगळ्या कामांत देवाला पहिला नंबर द्या. ऐकायला ते चांगले वाटते. पण पुंडलिकाच्या दारात प्रत्यक्ष देव आला तेव्हा पुंडलिकाच्या कामाच्या यादीत पहिले काय होते? आईबापांचे पाय. देव दुसरा होता! पुंडलिकाने वीट फेकली आणि सांगितले, थांब. आणि देव रागावला का? निघून गेला का? कमरेवर हात ठेवून जो उभा राहिला तो अजून उभा आहे. दुसरा नंबर मिळाल्याचा त्याला एवढा आनंद झाला की त्याने वैकुंठाची वाट सोडली. मग ज्याने यादीत सर्वांत वर श्री लिहून तळाशी आईचा चष्मा खोडला, त्याच्या श्रीचे काय मोल? ते अक्षर त्या कागदावर होते, पण त्याची आठवण कागदात उतरली नव्हती.

म्हणून श्री हे यादीतले पहिले काम समजू नका. कामाला रेघ मारता येते. झाले एकदाचे, म्हणून माणूस मोकळा होतो. काही जण नित्यनेमाचीही अशीच रेघ मारतात. पोथी झाली, रेघ. माळ झाली, रेघ. आणि मग दिवसभर वाटेल तसे वागायला मोकळे. श्रीवर कुणी कधी रेघ मारलेली तुम्ही पाहिली आहे का? तूरडाळ खोडली जाते, गूळ खोडला जातो, सगळी यादी संपते, श्री तसाच राहतो. तो सगळ्या ओळींवर डोळा ठेवून आहे. तळाच्या ओळीवरही आहे.

जनाबाईच्या कामांची यादी मनात आणा. नामदेवरायांच्या घरात माणसे पुष्कळ. दळण, कांडण, झाडलोट, पाणी, शेण, धुणे. संतचरित्रे सांगतात की देव तिच्या मदतीला येई. पण तो आला म्हणून यादीतले काम कमी झाले असे कुठे नाही. तो जात्याच्या खुंट्याला हात लावून तिच्यासमोर बसला, एवढेच. दळण तितकेच होते, जाते हलके झाले. आपल्यालाही देवाकडे मागायचे असेल तर यादी लहान कर असे मागू नये. तू समोर बस, एवढेच मागावे.

आता प्रपंचात वागायला सोपे असे चार नेम सांगतो. मी ते चुकून शिकलो, तुम्ही न चुकता शिका.

पहिला नेम, श्री लिहिल्यावर एक श्वास थांबा. मोबाइलवर यादी करीत असाल तर तिथेही लिहा आणि थांबा. एकदा विठ्ठल म्हणा आणि मग तूरडाळीकडे वळा. याला वेळ लागत नाही आणि पैसाही लागत नाही.

दुसरा नेम, यादी करताना वरून लिहा, पण पैसे कमी पडले की आधी खालून वाचा. जो हक्काने मागतो त्याचे नाव वर असते. जो ‘जमलं तर’ म्हणतो त्याचे तळाला असते. घरात ‘जमलं तर’ कोण म्हणते ते ओळखा. बहुतेक घरांत ती आई असते, नाहीतर बायको असते, नाहीतर परत माहेरी आलेली बहीण असते. तिच्या ओळीवर रेघ मारण्याआधी स्वतःच्या ओळीवर मारा.

तिसरा नेम, अंथरूण पाहून पाय पसरावे. बाजार, लग्नाचा बस्ता, सणावाराची खरेदी या सगळ्यांच्या याद्या आपल्या खिशाकडे पाहून करा, शेजाऱ्याच्या ओसरीकडे पाहून करू नका. ऋण काढून केलेल्या सणात देव नसतो असे मी म्हणणार नाही. पण सण संपल्यावर झोप नसते, हे मी पाहिले आहे. आणि झोप नसलेल्या माणसाच्या तोंडी नाम येते ते हायहाय करीत येते.

चौथा नेम, कामाच्या यादीत रोज एका माणसाचे नाव लिहा. बांध बघणे, खत आणणे, बँकेत जाणे, हे सगळे लिहा, आणि शेवटी एक नाव. अमक्या आजारी माणसाला भेटणे. अमक्याशी बंद झालेले बोलणे सुरू करणे. रात्री निजताना जे झाले ते पांडुरंगाला सांगा. जे राहिले त्याची खंत न करता ते उद्याच्या कागदावर उतरवा, आणि दिवा मालवा.

शेवटी एक सांगून थांबतो. २०२० साली महामारीमुळे पायी वारी झाली नाही. माउलींच्या आणि तुकोबारायांच्या पादुका एसटीने पंढरीस गेल्या. त्या वर्षी दिंडीची वही मी नेमाप्रमाणे काढली, पहिल्या पानावर श्री लिहिला, आणि पुढे लिहायला काही नव्हते. ना नावे, ना भिशी, ना राहुट्या. सगळी वही कोरी. आधी जीव कासावीस झाला. मग ध्यानात आले की यादीत काहीच उरले नाही तरी श्री उरला आहे. त्या वर्षी घराघरांतून हरिपाठ झाला, आणि कोऱ्या वहीचीही वारी पांडुरंगाने मोजली असेल असा माझा भाव आहे.

आपलीही एक दिवस अशीच वही मिटणार आहे. त्या दिवशी प्रत्येकाच्या खिशात एक अर्धवट यादी निघते. पत्रे बदलायचे राहिले, नातवाची फी राहिली, धाकट्याशी बोलायचे राहिले. कुणाचीही यादी पुरी होऊन तो गेला असे मी पाहिले नाही. तेव्हा यादी पुरी करण्याच्या मागे ऊर फुटेस्तोवर धावू नका. फक्त तिच्या माथ्यावर श्री असू द्या, आणि तळाशी कुणाचा चष्मा खोडलेला नसू द्या. माझी आई गेली तेव्हा तिच्या उशाला तो हरिपाठ होता. शेवटची काही वर्षे ती तो एका डोळ्याने वाचत असे, तोंडपाठ असूनही.

आता गुरुवार जवळ आला आहे. घरी गेल्यावर यादी करायला बसाल तेव्हा स्वयंपाकघरातून हळू आवाजात काय सांगितले जाते तिकडे कान द्या.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल. श्रीज्ञानदेव तुकाराम. रामकृष्णहरी.